दौऱ्यावरचा आवाज



आजच्या भाषणाची सुरुवात एका तारखेनं करतो. १५ मे २०१०, शनिवार. दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशाची राजधानी काराकास. तिथल्या सिमोन बोलिव्हार विद्यापीठाच्या मोकळ्या मैदानात अर्जेंटिनाचा गायक गुस्ताव्हो सेराती याचा कार्यक्रम होता. वय वर्षं पन्नास. गळ्यात गिटार, मागं वादकांचा ताफा, समोर हजारो माणसं. शेवटचं गाणं झालं, टाळ्या झाल्या, मंडळी रंगमंचामागे आली. तिथं थोड्याच वेळात सेरातीची तब्येत बिघडली. पहिल्या बातम्यांत थकवा आणि ताण अशी कारणं आली. पण तो थकवा नव्हता. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला होता. त्या रात्रीनंतर सेराती पुन्हा कधीही गायला नाही.

आपल्याकडे हे नाव फार थोड्यांच्या कानावर आलं असेल. अर्जेंटिना म्हटलं की आपल्याला मॅराडोना आठवतो, आता मेसी आठवतो. पण मेक्सिकोपासून चिलीपर्यंतच्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात ऐंशी-नव्वदच्या दशकांत जी मुलं वाढली, त्यांच्या तरुणपणाचा आवाज सेरातीचा होता. हा आवाज इतक्या देशांत पोचला तो नुसत्या तबकड्यांवरून नव्हे. तो दौरे करून पोचला. गायकाचा परदेश दौरा म्हणजे नेमकं काय, तो कसा उभा राहतो आणि त्याचा भार कुणावर पडतो, हे आज सेरातीच्या निमित्तानं समजून घेऊ.

आधी एक साधा प्रश्न. अर्जेंटिनाच्या गायकाला देशाबाहेर जायची गरजच काय? हा देश आकारानं भारताहून थोडासाच लहान आहे, पण २०१० साली त्याची लोकसंख्या चार कोटींच्या आसपास होती. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. त्यातलाही मोठा वाटा ब्युनोस आयर्स आणि तिच्या उपनगरांत एकवटलेला. तिथं नाव झालं की देशातली बाजारपेठ जवळपास संपली. उलट सीमा ओलांडली की सगळीकडे तीच स्पॅनिश. चिली, पेरू, इक्वेडोर, कोलंबिया, व्हेनेझुएला, मेक्सिको. आपल्याकडे राज्याची हद्द ओलांडली की भाषा बदलते. तिथं देशामागून देश पालटतात आणि गाणं मात्र जसंच्या तसं कळतं.

आता, जसंच्या तसं म्हणालो खरा, पण त्यातही एक गंमत आहे. अर्जेंटिनाचा माणूस ‘तू’ला ‘वोस’ म्हणतो, बाकी बहुतेक ठिकाणी ‘तू’ला ‘तू’च म्हणतात! सर्वनाम वेगळं, म्हणून आज्ञार्थी क्रियापदाचं रूपही वेगळं. सेरातीच्या मंडळींचा पहिला संग्रह १९८४ चा. त्यात दानियल मेलेरोनं लिहिलेलं ‘त्रातामे सुआवेमेंते’ हे गाणं आहे. ‘माझ्याशी हळुवार वाग’ असा त्या नावाचा अर्थ. ब्युनोस आयर्सच्या रस्त्यावर हेच म्हणायचं तर ‘त्रा’वरचा जोर पुढं सरकून ‘ता’वर जातो. गाण्यात मात्र शेजारच्या देशांतलं रूप आहे. हे ठरवून केलं की कानाला बरं वाटलं म्हणून, ते सोडून देऊ. पण त्या एका रूपामुळे लिमाच्या किंवा मेक्सिकोच्या मुलाला ते गाणं परक्या गावचं वाटलं नाही, एवढं खरं.

ही मंडळी म्हणजे ‘सोडा स्टिरिओ’. तिघांचं पथक. सेराती गिटार वाजवायचा आणि गायचा, सेता बोसिओ बास गिटारवर आणि चार्ली अल्बेर्ती ड्रमवर. सेराती आणि बोसिओ कॉलेजात जाहिरातशास्त्र शिकत होते. तिथंच त्यांची गाठ पडली. पथक जमलं ते १९८२ साली, आणि ते वर्ष साधं नव्हतं. एप्रिलमध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीनं फॉकलंड बेटांवर, त्यांच्या भाषेत माल्विनासवर, सैन्य उतरवलं आणि ब्रिटनशी युद्ध जुंपलं. शत्रूची भाषा नको म्हणून नभोवाणीवरून इंग्रजी गाणी बंद झाली. तासन् तास वाजवायचं काय? मग ज्या देशी पथकांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या तबकड्या शोधून शोधून वाजवल्या जाऊ लागल्या. युद्ध अर्जेंटिना हरला. पुढल्या वर्षाअखेर लष्कराची सत्ताही गेली. पण नभोवाणीवर देशी गाण्यांची जी वाट मोकळी झाली ती बुजली नाही. नभोवाणीच्या व्यासपीठावरून हे सांगताना मला थोडा आनंद होतो, तो तुम्ही समजून घ्याल.

देशात नाव झाल्यावर १९८६ च्या सुमाराला सोडा स्टिरिओ शेजारच्या देशांत जाऊ लागलं. त्यांच्याआधी अर्जेंटिनाचे गायक बाहेर गेले नव्हते असं मुळीच नाही. टँगो गाणारा कार्लोस गार्देल तर १९३५ साली दौऱ्यावर असतानाच कोलंबियात विमान अपघातात गेला. पण रॉक वाजवणाऱ्या पथकानं एकामागून एक देश घेत जायचं, हा रस्ता पडला तो या तिघांच्या काळात. फेब्रुवारी १९८७ मध्ये ते चिलीतल्या विन्या देल मार या समुद्रकाठच्या गावी महोत्सवात गायले. हा महोत्सव दूरचित्रवाणीवरून दूरदूरच्या देशांत दिसतो. चिलीत तेव्हा जनरल पिनोशे यांची हुकूमशाही होती. अशा देशात केस पिंजारलेले, डोळ्यांत काजळ घातलेले तीन तरुण आले आणि मुली रडायला लागल्या, मुलं तसेच केस ठेवायला लागली. त्याच सुमारास मेक्सिकोत एका तबकडी कंपनीनं ‘रॉक एन तू इदिओमा’, म्हणजे ‘तुझ्या भाषेतलं रॉक’, अशी मोहीम काढली. अर्जेंटिना, स्पेन आणि मेक्सिको या तिन्ही देशांची पथकं तिच्यात एका छत्राखाली आली. त्या दौऱ्यातल्या ध्वनिमुद्रणांचा ‘रुइदो ब्लांको’ हा संग्रह १९८७ साली निघाला. त्यात गाण्याइतकाच लोकांचा आवाज ऐकू येतो.

या चढत्या काळातच एक काळी रात्र आली. मे १९८७ मध्ये सान निकोलास या अर्जेंटिनातल्याच गावी एका नृत्यगृहात त्यांचा कार्यक्रम होता. गर्दी पेलली नाही आणि सज्जा कोसळला. पाच तरुण प्रेक्षक मेले, अनेक जखमी झाले. दौऱ्याच्या कहाण्यांत अशा गोष्टी तळटीपेत जातात, म्हणून मुद्दाम सांगतो. गायक नवं गाव गाठतो तेव्हा तिथलं सभागृह कसं आहे, सज्जा किती माणसं पेलेल, बाहेर पडायची दारं उघडी आहेत की कुलूपबंद, यातलं काहीच त्याला दिसत नसतं. ते पाहणारा दुसराच कुणी असतो. त्यानं पाहिलं नाही तर काय होतं, हे याच देशानं २००४ च्या ३० डिसेंबरला पुन्हा पाहिलं. ब्युनोस आयर्सच्या क्रोमान्योन या नृत्यगृहात दारूकामाच्या ठिणगीनं छत पेटलं, दार बंद होतं आणि १९४ जण गेले.

तर हा दुसरा कुणी म्हणजे कोण? इथं दौऱ्याची यंत्रणा पाहू. आपल्याकडे तमाशा, ऑर्केस्ट्रा किंवा नाटकाचा प्रयोग गावात न्यायचा तर तिथला कंत्राटदार सुपारी देतो. जगभरच्या दौऱ्यांचा पाया हाच आहे, फक्त आकडे मोठे आणि करारनामे जाडजूड. प्रत्येक देशातला आयोजक गायकाच्या व्यवस्थापकाकडून एक रात्र विकत घेतो. ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा आगाऊ द्यावा लागतो. मैदान, परवाने, पोलीस, वीज, जाहिरात आणि तिकीटविक्री ही आयोजकाची जबाबदारी. तिकिटं खपली नाहीत तर बुडतो तोच, खपली तर कमावतोही. करारासोबत एक परिशिष्ट असतं, त्याला रायडर म्हणतात. रंगमंच किती मीटर रुंद, वीज किती लागेल, ध्वनिवर्धक कुठं टांगायचे, दिवे किती, इथपासून गायकाच्या खोलीत पाणी कोमट हवं की गार, इथपर्यंत सगळं त्यात लिहिलेलं असतं. वर्तमानपत्रांत या कोमट पाण्याचीच थट्टा होते. पण गर्दीच्या जिवाची काळजी त्याच कागदांच्या आतल्या पानांवर, वजनाच्या आणि विजेच्या आकड्यांत असते.

गिटारी, ड्रम, ॲम्प्लिफायर, आवाजाचं नियंत्रण करणारी यंत्रं हे सगळं पेट्यांत भरून विमानानं जातं. प्रत्येक सीमेवर त्याची यादी तपासली जाते. आणलेलं सगळं परत नेणार, इथं विकणार नाही, असा कागद द्यावा लागतो. एक पेटी अडली की रात्रीचा कार्यक्रम अडतो. बरोबर तीस-चाळीस माणसं सहज असतात. वादक, ध्वनितंत्रज्ञ, प्रकाशयोजनाकार, गिटारच्या तारा जुळवणारा, हिशेब ठेवणारा. सामान चढवणारी-उतरवणारी शंभरेक माणसं त्या त्या गावची. प्रेक्षक घरी जाऊन झोपतो तेव्हा यांचं अर्धं काम बाकी असतं.

लॅटिन अमेरिकेत याला भूगोलाची जोड मिळते. युरोपातल्या दौऱ्यात ट्रक आणि बस रात्रभर चालवली की सकाळी दुसरा देश येतो. ब्युनोस आयर्स ते मेक्सिको सिटी हे अंतर मुंबई ते लंडनपेक्षाही थोडं जास्तच भरेल. मधे अँडीज पर्वत आणि ॲमेझॉनचं जंगल. म्हणजे सगळं विमानानंच. शिवाय उंची. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर, बोगोटा २,६०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी जवळजवळ हजार मीटरची शिडी लावून त्यावर दोन तास नाचत गायचं, असं समजा. श्वास पुरत नाही, घसा कोरडा पडतो. आज तिथं, दोन दिवसांनी समुद्रकाठच्या दमट हवेत, मग पुन्हा वर.

आणि या सगळ्या डोलाऱ्याच्या टोकाशी एकच गळा असतो. आपल्या नाटकवाल्यांत बदली कलाकार उभा करता येतो. कित्येक नटांची कारकीर्द तशीच सुरू झाली. पण ज्याच्या नावानं तिकिटं खपली तो गायक आडवा झाला तर बदली नाही. एक रात्र रद्द झाली की ते मैदान पुन्हा महिनोन् महिने मिळत नाही, माल पुढच्या देशात गेलेला असतो, आगाऊ रक्कम परत करावी लागते. त्यामुळे दौऱ्यावरचा गायक सर्दी-तापात गातो, पाय मुरगळला तरी गातो. लोक त्याचं कौतुकही करतात. मला स्वतःला हे कौतुक थोडं क्रूर वाटतं.

सोडा स्टिरिओच्या तिघांनी हे पंधरा वर्षं केलं आणि १९९७ साली थांबायचं ठरवलं. निरोपाचाही दौराच झाला. २० सप्टेंबरला ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट मैदानावर शेवटचा कार्यक्रम झाला. शेवटच्या गाण्याच्या भरात सेरातीनं लोकांना उद्देशून दोन शब्द उच्चारले, ‘ग्रासियास तोतालेस’. शब्दशः ‘एकूण आभार’. स्पॅनिशमध्येही हे तसं कुणी बोलत नाही, व्याकरणाला जरा वाकडंच. पण आज त्या मुलखात निवृत्त होणारा शिक्षक किंवा फुटबॉलपटूही निरोप घेताना हेच दोन शब्द वापरतो.

पुढं सेराती एकटा गाऊ लागला. दरम्यान देशाची अर्थव्यवस्था कोसळली. १९९१ पासून एक पेसो म्हणजे एक डॉलर असा बांधलेला भाव होता, तो जानेवारी २००२ मध्ये सुटला आणि पेसोची किंमत काही महिन्यांत तिसऱ्या हिश्शाहून खाली आली. गायकाच्या हिशेबात याचा अर्थ सरळ आहे. मायदेशातल्या तिकिटाचे पैसे पेसोत, गिटार आणि यंत्रं डॉलरमध्ये. बाहेर गायलेली एक रात्र आता घरच्या तीन रात्रींएवढी भरू लागली. दौरा आधी हौस होता, मग व्यवसाय झाला, आता तो गरज बनला.

२००७ साली तिघं पुन्हा एकत्र आले, फक्त एका दौऱ्यासाठी. दौऱ्याचं नाव ‘मे वेरास वोल्वेर’, म्हणजे ‘मी परतलेला तुला दिसेन’. ऑक्टोबर ते डिसेंबर, अवघ्या दोन महिन्यांत बावीस कार्यक्रम. ब्युनोस आयर्स, सांतियागो, मेक्सिको सिटी, लॉस एंजेलिस, बोगोटा, काराकास, मायामी, लिमा आणि पुन्हा ब्युनोस आयर्स. एकट्या रिव्हर प्लेटच्या मैदानावर सहा रात्री. एकूण प्रेक्षक दहा लाखांवर गेले असं सांगितलं जातं. आता आकडे मोजून पाहा. साठ-पासष्ट दिवस, बावीस रात्री, नऊ देश. मधल्या दिवसांत विमानप्रवास, हॉटेलं, पत्रकार परिषदा आणि दुपारच्या आवाजाच्या तपासण्या.

हा दौरा झाल्यावर सेराती पुन्हा आपल्या वाटेनं गेला. सप्टेंबर २००९ मध्ये त्याचा ‘फुएर्सा नातुराल’ हा संग्रह आला. नावाचा अर्थ ‘निसर्गाची शक्ती’. नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोतल्या माँतेर्रेइ शहरातून त्याचा दौरा निघाला. काराकासच्या त्या रात्री हा दौरा सहा महिन्यांचा झाला होता.

इथं घाईनं निष्कर्ष काढायला नको. दौऱ्यानं सेरातीला मारलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं ठरेलच असं नाही. तो वर्षानुवर्षं सिगारेट ओढत होता. २००६ साली पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्यानं त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. पक्षाघाताची ही पूर्वसूचना म्हणता येईल असं सगळं आधीपासून होतं. घरी आरामखुर्चीत बसला असता तरी हे घडलं नसतं, असं कोण सांगणार? तरीही एक गोष्ट मला सतावते. मेंदूची रक्तवाहिनी अडली की माणूस अडखळतो, शब्द सुचत नाहीत, गप्प होतो. आणि दोन तास गाऊन आलेला दमलेला माणूसही तसाच दिसतो. पहिल्या चार-साडेचार तासांत गुठळी विरघळवणारं औषध देता येतं, नंतर त्याचा उपयोग ओसरतो. ज्या धंद्यात रोज रात्री दमून गप्प बसणं हीच रीत, तिथं त्या एका रात्रीचं गप्प बसणं वेगळं आहे हे कुणी आणि कसं ओळखायचं?

काराकासमध्ये त्याच्या मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये रुग्णविमानातून त्याला ब्युनोस आयर्सला आणलं. ज्या आकाशातून तो वीस-पंचवीस वर्षं गात हिंडला, त्यातला हा त्याचा शेवटचा प्रवास. पुढली चार वर्षं तो बेशुद्धावस्थेत होता. आई लिलियन क्लार्क यांनी आशा सोडली नाही. मुलाखतीत विचारलं की त्या म्हणत, तो उठेल. रुग्णालयाबाहेर चाहते जमत, गिटार वाजवत. ४ सप्टेंबर २०१४ रोजी सेराती गेला, पंचावन्न वर्षांचा होऊन महिनाही झाला नव्हता. शहराच्या विधिमंडळात अंत्यदर्शनासाठी लोकांच्या रांगा लागल्या. त्यात चिली आणि पेरूहून आलेलेही होते.

गायक गेला तरी मागणी संपत नाही. बोसिओ आणि अल्बेर्ती यांनी २०२० साली सोडा स्टिरिओच्या नावानं पुन्हा दौरा काढला. नाव अर्थात ‘ग्रासियास तोतालेस’. सेरातीच्या जागी पाळीपाळीनं वेगवेगळे गायक, काही प्रत्यक्ष तर काही पडद्यावरून. सेरातीचा मुलगा बेनितोही त्यात गायला. पडद्यावरच्या गायकांत कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन होता. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत नेरूळच्या मैदानावर ज्याला ऐकायला आपल्याकडची मुलं रात्ररात्र तिकिटांच्या मागं होती, तोच हा. काही गाण्यांना मात्र सेरातीचाच जुना आवाज लावला आणि दोघं मित्र त्याच्याखाली साथ धरत राहिले.

हा दौरा २९ फेब्रुवारी २०२० रोजी बोगोटात सुरू झाला. दोनच आठवड्यांत करोनानं सगळ्या सीमा बंद केल्या, विमानं उतरली, पेट्या गोदामात गेल्या. उरलेले कार्यक्रम नंतर झाले. ज्यांनी आधी तिकिटं घेतली होती त्यांतले पुष्कळ लोक ती जपून ठेवून आले होते.